चार खिळे

निळी ताडपत्री वाऱ्याने दोनदा उडाली,
म्हणजे अनावरण तसं आधीच होऊन गेलं होतं.
तरी महापौर बाईंनी दोरी ओढली.
टाळ्या झाल्या. लोकरी हातमोज्यांतल्या टाळ्या,
पिठाच्या पिशव्या एकमेकींवर आपटाव्यात तशा.

पितळेवर लिहिलंय:
ओनेझिम मार्शिल्दों,
वकील, पत्रकार, मुत्सद्दी,
या घरात राहत असत.

घरात आता दातांचा दवाखाना आहे.
डॉक्टर फानफ बाहेर आले नाहीत,
कुणाची तरी दाढ अर्धी कोरून झाली होती.
भाषणातल्या स्वल्पविरामांना
आतून यंत्र कण्हायचं
आणि शाळेची पोरं एकमेकांना ढोसायची.
रिशेलियू नदीवरून पांढरे हंस
भांडत भांडत दक्षिणेला चालले होते.

मी तिसऱ्या रांगेत. मला बोलावणं नव्हतं.
रेजाँ गवंडी चौथा खिळा ठोकत होता,
आणि दगड काही धरत नव्हता.

माझे पणजोबा आर्सेलास तेत्रो,
वय वर्षं सोळा,
याच घराच्या तळघरात खिळे जुळवायचे.
शिशाचे खिळे, एकेक अक्षर, चिमटीत.
उजवीकडून डावीकडे, आरशातलं वाचावं तसं
वाचायची सवय लागली ती मरेपर्यंत;
चर्चमधल्या पाट्यासुद्धा आधी उलट्या वाचायचे, मग सुलट्या.
साहेबांची वाक्यं लांब, म्हणायचे,
श्वास संपतो पण क्रियापद येत नाही.

आणि ती रात्र.
राजधानीत हात वर करून साहेब परतले होते.
शाळांतून आपली भाषा काढायचा ठराव,
बदल्यात नदीवर पूल.
(पूल अजून आहे.
एकतीस वर्षं मी त्यावरून शाळेची बस चालवली.)

कोट न काढता लिहायला बसले.
कागद एकेक करून जिन्यावरून खाली यायचे,
शाई ओली, आर्सेलासच्या बोटांना लागणारी.
जन्मभर ‘आपण’ लिहिणारा माणूस,
‘आपली माती’, ‘आपले पूर्वज’,
त्या रात्री इतक्यांदा ‘मी’ लिहून गेला
की आमच्या भाषेतल्या ‘मी’चं पहिलं अक्षर
खणातून संपलं.
पणजोबांनी जाहिरातींच्या साच्यातून काढून आणलं,
एक चुलीच्या, दोन टोप्यांच्या दुकानाच्या.

पहाटे साहेब खाली आले.
कच्ची प्रत दिव्याखाली धरून वाचली,
घडी घातली, खिशात ठेवली.
म्हणाले, मोड.

मोडणं म्हणजे फेकणं नव्हे.
प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत जातो.
दोन तास लागले.
काय लिहिलं होतं ते पणजोबांना कधीच सांगता आलं नाही,
अक्षरं जुळवणाऱ्याला अर्थ उशिरा कळतो, म्हणायचे.
आकडा तेवढा लक्षात: चौऱ्याहत्तर वेळा.
त्या जागी दुसऱ्या दिवशी
बटाट्यांचे भाव आले.

पुढे त्याच खिळ्यांनी साहेबांची मृत्युवार्ता जुळली,
तिच्यात ‘मी’ कुठून येणार.
मग छापखाना बुडाला. शिसं किलोवर गेलं,
कोळ्यांनी वितळवून गळाची वजनं केली.
म्हणजे ते असणार नदीत कुठेतरी, पुलाखाली,
गाळात, माशांच्या पोटाखालून.

महापौर बाई म्हणाल्या, ‘आपण सर्व त्यांचे ऋणी आहोत.’
पुन्हा ‘आपण’. मला हसू आलं,
शेजारच्या बाईला वाटलं, मला शिंक येतेय.
तिने रुमाल दिला. मी घेतला.

दवाखान्याचं दार उघडलं.
एक माणूस गाल धरून बाहेर आला,
आमच्या गर्दीकडे पाहून दचकला,
अर्ध्या बधिर तोंडाने विचारलं, कोण गेलं?
कुणी उत्तर दिलं नाही.

साखरेचा केक संपल्यावर सगळे पांगले.
रेजाँ म्हणाला, चौथा वसंतात बसवतो,
थंडीत चुना घट्ट होत नाही.
तोवर पाटी उजवीकडे जराशी उतरलेली राहील,
तीन खिळ्यांवर,
आणि मी तिथून जाताना
मान तिरकी करून वाचेन,
आधी उलटी.