लासिसीच्या नावापुढे

ओरेच्या मोटार अड्ड्यावर आईचं टेबल.
सात बाटल्या. आत मुळं, साली, काहीतरी काळं,
आणि गळ्यापर्यंत ओतलेली जिन.
पारागा म्हणतात तिला.
कंबरेला चांगली, तापाला चांगली.
झोप उडते, म्हणायचे ड्रायव्हर.
आई म्हणायची, म्हणू देत.

मी पेले विसळायची, एकाच बादलीत,
आणि वही लिहायची,
कारण घरात बेरीज फक्त मला यायची.

लासिसी एक दिवसाआड पहाटे चारला यायचा,
लागोसहून भरलेली, बेनिनला निघालेली
अठरा जणांची गाडी घेऊन.
गाडी मालकाची, हप्ता लासिसीचा.
दोन दिवसांत तीन फेऱ्या झाल्या तर घरात भात,
दोनच झाल्या तर सगळं मालकाचं.
एक पेला. मग खिशातली लाल कॅप्सूल,
पेल्याच्या तळाशी उरलेल्या घोटाबरोबर.
मान सतत खाजवायचा,
कॉलरखालची कातडी सोललेली.
विचारलं तर म्हणायचा, "रस्ता चावतो गं.
बोलाटिटो, लिही."
मी लिहायची.
खिडक्यांतून लोक केळ्याचे काप घ्यायचे,
सुट्ट्या पैशांवरून भांडायचे.
त्याच्याकडे कुणी बघत नसे.
सगळ्यांनाच लवकर पोचायचं होतं.

त्या मंगळवारी पेला निम्मा ठेवून गेला.
ओफोसूच्या पुढे लाकडांचा ट्रक उभा होता, दिवे नसलेला.
रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती म्हणे.
दुपारपर्यंत नऊ. रात्री अकरा.

युनियनने बोर्ड लावला: पिऊन गाडी चालवू नये.
खिळा नेमका आमच्या टेबलाच्या डोक्यावर सापडला त्यांना.
दुपारी त्याची सावली बरी पडते.

चार महिने दहा दिवस पाळून मुलिकात आली,
पाठीला बाळ, मुठीत घामेजलेल्या नोटा.
वाटलं, शिव्या देईल. आईलाही वाटलं असावं,
तिने बाटल्या जवळ ओढल्या.
"त्याचं किती राहिलंय?"
"काही नाही," आई म्हणाली.
वही माझ्या मांडीवर होती. आठशे पन्नास.
शेवटचा निम्मा पेला मी पूर्ण धरला होता.

मुलिकात उठली नाही.
बाळाला पुढे घेऊन पाजलं.
पाच गाड्या आल्या, पाच गेल्या.
मग खाली बघतच तिने विचारलं,
"यात मुळं कोणती घालता?"

आईने सांगितली. एक लपवली.

आता रस्त्यापलीकडे तिचं टेबल.
पहाटेची गाडी हल्ली तिथे थांबते.
सुनकान्मी चालवतो, पूर्वी लासिसीचा किन्नर होता,
त्या मंगळवारी तापाने घरी राहिलेला.
मुलिकातला लिहिता येत नाही,
म्हणून तिकडची वहीही माझ्याकडेच.
जुन्या वहीत त्या नावापुढे
आईने काही लिहू दिलं नाही, खोडूही दिलं नाही.

सुनकान्मी पेला खाली ठेवतो,
कॉलरमध्ये बोट घालतो.
"लिही," म्हणतो.