अकरा मिनिटं

माझ्या दारावर पाटी आहे : कर्मचारी स्वास्थ्य अधिकारी.
खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, बिस्किटवाली.
मी पुसलं नाही. खरं तेच आहे.

ग्रिम्सबीच्या इस्पितळात, अगदी तळाला,
धुलाईघराला लागून माझी खोली.
भिंत कायम कोमट असते,
हिवाळ्यात लोक तिला पाठ टेकायला येतात
आणि म्हणतात, डोरीन, सहज आले होते.
सहज कुणी येत नाही इथे.
लिफ्ट बंद आहे, जिने तीन आहेत.

पहिल्या वर्षी मी भित्तिपत्रकं लावली.
दीर्घ श्वास घ्या. पाणी प्या. मनातलं बोला.
अतिदक्षता विभागात कुणीतरी खाली लिहिलं,
कधी?
प्रश्नचिन्हाचं टिंब कागदाच्या आरपार गेलं होतं.
त्या रात्री सगळी पत्रकं मीच उतरवली,
चिकटवायच्या निळ्या गोळ्या
दोन दिवस नखांत राहिल्या.

मग मी एक कडी मागितली.
विश्रांतीच्या खोलीला, आतून लावायची, साधी.
सातव्या आठवड्यात उत्तर आलं :
जोखमीचं मूल्यमापन व्हायचं आहे.
नवव्या आठवड्यात पोर्टर क्लाइव्हने
घरच्या शेडमधली पितळी कडी आणली.
चार स्क्रू.
"कुणी विचारलं तर मी पाहिलंच नाही," म्हणाला.
मीही नाही.

माझे वडील मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होते,
आइसलँडच्या बाजूला जायचे.
सांगायचे, वादळात कुणाला
बरा आहेस का, असं विचारू नये.
नाहीये, ते दिसतंच.
हातात कप द्यावा, अर्धाच भरलेला.
मी अजून अर्धाच भरते.

काल पहाटे रासा आली.
लिथुएनियाची, मुलांच्या वॉर्डातली.
वर काय झालं ते माझ्यापर्यंत आधीच पोचलं होतं,
असली बातमी लिफ्टसाठी थांबत नाही.
ती खुर्चीत बसली,
ओळखपत्राची दोरी मनगटाला गुंडाळत, सोडत.
प्रशिक्षणातली वाक्यं माझ्या जिभेवर आली.
चहाबरोबर गिळली.
पलीकडे यंत्रं चादरी घुसळत होती.
तिने एक बूट काढला.
बऱ्याच वेळाने दुसरा.
मोज्यांवर बदकं होती, पिवळी,
मुलांनी हसावं म्हणून.
आम्ही दोघी बदकांकडे बघत राहिलो.

मग ती भिंतीला डोकं टेकून झोपली,
तोंड उघडं, कप तिरका.
मी तो बोटाबोटाने सोडवून घेतला
आणि दाराबाहेर उभी राहिले, पाठ पाटीला लावून.
क्लाइव्ह येत होता. माझा चेहरा पाहिला,
ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक उचलून धरलं
आणि तसाच, तीन चाकांवर, मागे वळला.

अकरा मिनिटं.

महिनाअखेरीस तक्ता भरायचा असतो.
लाभार्थी : एक.
निष्पत्ती : बूट काढले.
वरून फोन येईल. येऊ दे.

जागी झाल्यावर रासाने विचारलं,
"तू घरी कधी जातेस?"
या खोलीत हा प्रश्न
माझ्या बाजूला कधी वळला नव्हता.
"हे कप धुतले की," मी म्हटलं.
ती उठली, बूट न घालताच,
बदकांनी फरशी ओलांडून सिंकपाशी गेली
आणि म्हणाली, फडकं कुठंय?