अपूर्णांक, संध्याकाळची तुकडी

याकिमाच्या कम्युनिटी कॉलेजात
माझी तुकडी सहाला भरते, म्हणजे सव्वासहाला,
कारण सफरचंदांच्या पॅकिंग शेडची पाळीही सहालाच सुटते
आणि ओडिलिया बारागान
स्टिकरांचा डिंक बोटांवर घेऊनच येते.

माहितीपुस्तकात आम्ही सगळे एकाच पानावर :
वेल्डिंग, रक्त काढण्याचं तंत्र, डिझेल इंजिन,
तत्त्वज्ञानाची तोंडओळख,
आणि तळाला, शून्य क्रेडिटचं, माझं प्राथमिक गणित.
त्याच्यावाचून वरचं काहीच पदरात पडत नाही.

भिंतीपलीकडे वेल्डिंगचं वर्कशॉप.
मी फळ्यावर रेघ ओढते, वर अंश, खाली छेद,
आणि तिकडे कुणीतरी लोखंड कापत असतं.

वेन्डेल प्रुइट मागच्या बाकावर. वय अठ्ठावन्न.
लाकडाची गिरणी बंद पडली,
त्याआधीच तिच्या करवतीनं त्याची दीड बोटं नेली होती.
दीड. हे तो स्वतःच सांगतो, हसत.
पण फळ्यावर तीन छेद आठ उमटले
की मान खाली,
पेन्सिल खिशात.

‘पाच छेद आठ मोठा की नऊ छेद सोळा?’
नऊ, सगळे म्हणाले. नऊ मोठेच दिसतात.
वेन्डेल उठला, बाहेर गेला.
वाटलं, हाही गेला. ऑक्टोबरात जातातच दोघं-तिघं.
तो ट्रकमधून पान्यांचा डबा घेऊन आला
आणि माझ्या टेबलावर एकेक मांडत गेला
न बघता, नुसत्या अंगठ्यानं ओळखून.
‘नऊ छेद सोळा नटावर चढत नाही,’ तो म्हणाला,
‘तेव्हा हात याच्याकडे जातो.’
पाच छेद आठ.

बत्तीस वर्षं हा माणूस छेद समान करत होता
आणि हे गणित आहे असं
कुणी त्याला कळवलं नव्हतं.
सहा आठवडे मीही नाही.

मग त्या दोघांचा सौदा ठरला.
डॉलर गिळून काहीच न देणाऱ्या यंत्राशेजारी, मधल्या सुट्टीत
तो तिला पाने शिकवायचा,
ती त्याच्या दंडाला रबर बांधून
शीर चाचपायची. नुसती चाचपायची.
सुई म्हटलं की वेन्डेल पांढरा पडायचा,
करवतीला न घाबरलेला माणूस.

डिसेंबरात परीक्षा झाली.
ओडिलिया सुटली.
वेन्डेल दोन गुणांनी राहिला.
मी त्याचा पेपर तीनदा तपासला.
चौथ्या प्रश्नात अर्धा गुण सापडला,
पानाच्या कडेला काढलेल्या पान्याच्या चित्राला
आणखी अर्धा देऊन पाहिला, मग खोडला.
घरी जाताना गाडीत हीटर लावायचं विसरले.

जानेवारी. पार्किंगमध्ये गोठलेला चिखल.
नवे चेहरे, तेच बाक.
वेन्डेल आला आणि या वेळी दुसऱ्या रांगेत बसला.
बाही कोपराच्या वर दुमडलेली,
खोबणीत कापसाचा बोळा, त्यावर चिकटपट्टी.
माझी नजर गेलेली बघून म्हणाला,
‘ओडिलिया. प्रयोगशाळेत. पहिल्याच टोचणीत.’
जणू पास तोच झाला होता.

सव्वासहा झाले.
मी हजेरी घ्यायला सुरुवात केली.