उजवा कोपरा

आमच्याकडे नाताळची एक भेट ठरलेली होती.
एका वर्षी बाबांनी एल्ड्रेडकाकांना वीस डॉलर द्यायचे,
पुढच्या वर्षी एल्ड्रेडकाकांनी बाबांना वीस डॉलर.
नोट तीच.
हिरवी, उजवा कोपरा फाटलेली,
कुणा अनोळखी माणसानं तिच्या कडेला
पेन्सिलीनं लाकडांचा हिशेब मांडलेला.

बाकी सगळ्यांना मोजे, संत्री,
ब्लांशकाकूचा काकवीचा केक,
आणि हे दोघे चुलीपाशी समोरासमोर.
एकानं पाकीट पुढे करायचं,
दुसऱ्यानं म्हणायचं, "अरे, उगाच कशाला,"
आणि न उघडता खिशात.
आई म्हणायची, एकाच बोटीच्या दोन टोकांना बसलेत
आणि दोघं उलट्या दिशांना वल्हवतायत.

याची सुरुवात कशी झाली?
बाबा सांगत, लग्नाच्या वर्षी बर्फानं दुकान बंद होतं,
म्हणून भेटीऐवजी नोट दिली.
काका सांगत, बंद कसलं, विसरला होता.

मग बंदीचं वर्ष.
जुलैत रेडिओवर सांगितलं, कॉड धरायचा नाही.
न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला आमची एवढीशी खाडी,
सतरा घरं, आणि त्या संध्याकाळी
सतरा घरांत जेवणाच्या ताटांचे आवाज तेवढे.
बोटी उलट्या झाल्या. काकांचीही.
नोव्हेंबरात तेलाची टाकी वाजवली की
भांडं वाजावं तशी वाजायची.

मी दहा वर्षांची होते, जिन्यावर बसलेले.
बाबांनी कपाटातल्या निळ्या बशीखालून नोट काढली,
दोन्ही बाजूंनी पाहिली,
जणू तिच्यावर कुणाचा पत्ता असावा,
मग टोपी घातली आणि गेले.
रात्री घर ऊबदार झालं.
कशामुळे, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

त्या नाताळला द्यायची पाळी बाबांची.
पाकीट होतं. वर "एल्ड्रेड",
नेहमीपेक्षा ठळक, नेहमीपेक्षा सावकाश काढलेलं.
काकांनी ते खिशात घालायच्या आत
मांडीवरच्या धाकट्या रोलंडनं ओढून फाडलं.
आत काही नव्हतं.

बाबा चुलीकडे बघत होते.
चुलीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.
काकांनी पाकिटात दोन बोटं घातली,
अंगठा ओला करून मोजल्यासारखं केलं,
म्हणाले, "बरोब्बर आहेत,"
आणि फाटलेलं पाकीट नीट घडी घालून
छातीच्या खिशात ठेवलं.

पुढच्या वर्षी काकांचं पाकीट आलं.
बाबांनी ते तिथंच उघडलं, पहिल्यांदाच.
हिरवी नोट. चुरगळून पुन्हा सपाट केलेली,
बहुतेक चहाच्या पाण्यात बुडवलेली,
कडेला लाकडांचा हिशेब,
त्यातला सात जरा जास्तच काळजीपूर्वक वाकडा.
कोपराही फाटलेला.
फक्त डावा.

बाबांनी ती उजेडात धरली. बराच वेळ.
"तीच ना?" काकांनी विचारलं.
"तीच की," बाबा म्हणाले,
"हजारांत ओळखेन हिला."
मी तोंड उघडलं
तेवढ्यात आईनं त्यात केकचा तुकडा कोंबला.

आता दोघंही चर्चमागच्या उतारावर आहेत,
समुद्राकडे पाय करून, मध्ये हातभर अंतर.
रोलंड आल्बर्टात ट्रक चालवतो,
एकाआड एक वर्षी त्याचं पाकीट येतं.
नोटा प्लास्टिकच्या झाल्यात.
त्या फाटत नाहीत, पेन्सिल त्यांच्यावर टिकत नाही,
तरी मी आधी कोपरे बघते.
डाव्या कोपऱ्याची ती नोट निळ्या बशीखाली आहे.
दुकानात ती अजून चालेल.
तेलाचं बिल आलं की मी बशी उचलते,
आणि पुन्हा ठेवते.

"मिळालं का?" रोलंड फोनवर विचारतो.
"बरोब्बर आहेत," मी म्हणते.
तो हसतो. हे आमच्या घरातलं
कुठलं तरी जुनं बोलणं आहे, एवढंच त्याला ठाऊक.
ते पाकीट त्यानं फाडलं होतं
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.