आकृती दोन

सुपडूआप्पाच्या मागे मी दोन हिवाळे चाललो,
पाटाच्या कडेकडेने, मोबाइलच्या उजेडात.
रात्रीची पाळी कुणाची, कुणाच्या फडाला किती वेळ,
कुठे दगड सारायचा, कुठे चिखलाचा बोळा,
सगळं वहीत. त्याने एक पैसा मागितला नाही.
फक्त म्हणाला, "लिख भो, पन खरं लिख."

सामोड्याच्या अलीकडे पांझरेवरचा तो बंधारा
कुणी बांधला, कुणाच्याच कागदात नाही.
पाणी मात्र आपला हिशेब रोज देतं:
उसाचा फड, गव्हाचा फड, पलीकडे पडीक ठेवलेला.
ज्याचं शेत शेवटी, त्याचीही पाळी येते.
पाटकऱ्याला खळ्यावर धान्य, जागल्यालाही,
आणि नदीला कुणी सातबारा विचारत नाही.

हे मी इंग्रजीत लिहिलं.
साक्रीच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर,
एप्रिल संपला की माझा भूगोलही संपतो.
पहिल्या परीक्षकाला लेख आवडला.
दुसऱ्याने विचारलं, फड म्हणजे नक्की काय,
आणि तीन संदर्भ वाढवायला सांगितले,
तिन्ही एकाच माणसाचे. मी वाढवले.
त्या दोघांना कुणी दमडी दिली नाही, मलाही नाही.
मीही रात्री जागून परक्यांचे लेख तपासतो.
सावडच म्हणायची ही,
फक्त खळं झाल्यावर
धान्याची गाडी कुठल्या गावाला जाते, कळत नाही.

मग हक्क सोडल्याचा फॉर्म आला.
बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर
सही केली. स्कॅनचे दहा रुपये.
लेख निघाला: एकोणचाळीस डॉलर, चोवीस तासांसाठी.
दार उघडं ठेवायचीही सोय होती म्हणा,
लेखकाने अठराशे डॉलर भरावेत, मग जगाला मोफत.
मी आकडा रुपयांत केला,
मग माझ्या तासांत केला,
मग कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.

आप्पा विचारी, "छापाई गयं का मन्हं नाव?"
आलंय, म्हटलं. आभारात. शेवटच्या पानावर.
"मंग दखाड."
मी मोबाइलवर कुलपाचं चित्र दाखवलं.
त्याने ते बराच वेळ पाहिलं.
"तूच लिखं, अन् तुलेच वाचाले भेटत नही?
हाऊ कसाना पाट शे भो?"

फॉर्मच्या चौथ्या पानावर, बारीक अक्षरांत,
एक फट होती:
स्वीकारलेली, पण त्यांनी न सजवलेली प्रत
बारा महिन्यांनी संग्रहात ठेवता येईल.
बारावा महिना आखाजीत भरला.
पोरी निंबाच्या झोक्यावर, घरोघरी गौराई,
आणि मी विद्यापीठाच्या संग्रहात
चौदा पानं चढवत बसलेलो. नेट तीनदा गेलं.
पहिल्या आठवड्यात सात जणांनी उतरवून घेतली,
त्यांतला एक मी.

एक प्रत स्टेपल करून सामोड्याला नेली.
आप्पाने इंग्रजी उलटून टाकलं, पानामागून पान,
आकृती दोनवर थांबला.
कागद हातभर लांब धरून विचारलं, नदी कोणती.
मग नख पाटावरून निघालं,
पहिली चारी, दुसरी,
तिसरीपाशी अडलं.
"मास्तर, हाई चारी उलटी काढेल शे.
पानी काय चढ चढस का?"

दोन परीक्षक, एक संपादक,
माझे स्वल्पविराम हलवून गेलेला कुणी एक.
मी स्वतः, निदान चाळीस वेळा.
खिशातलं पेन त्याच्या हातात दिलं.
त्याने बाण खोडला, नवा काढला,
जरा थरथरता, पण उताराकडे.

फाइलच्या नावापुढे आता आवृत्ती दोन आहे.
आप्पाचं नाव मी आभारातून काढलंय.
वर, माझ्या नावाशेजारी ठेवू म्हणतो,
तर तो अडून बसलाय:
आधी जागल्याचं घाल,
तो नसता तर रात्री पाणी फुटून
कुठल्या कुठे गेलं असतं.