पाठपोट

नारिनमध्ये हिवाळ्यात वीज संध्याकाळी सहाला जाते.
साडेआठपर्यंत आयजमाल मेणबत्तीच्या अलीकडे,
मी पलीकडे, मांडीवर नमद्याचे जोडे,
तोंडात सुई, हातात कार्डांचा गठ्ठा.

नऊशे कार्डं. बिस्किटांच्या खोक्यांची,
धाकट्या एरमेकनं कापलेली, म्हणून सगळी थोडी तिरकी.
पोटावर त्यांच्या भाषेतला शब्द,
पाठीवर आमच्या भाषेत अर्थ.
मला पाठ तेवढी वाचता येते.

"लवकर विरून जाणारं," मी वाचते.
ती काहीतरी म्हणते, दातांतून हवा सोडल्यासारखं.
"बरोबर."
"गरजेपेक्षा जास्त बोलणारा."
ती बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसते, मग शब्द सांगते.
"बरोबर."
"कुणाचीच बाजू न घेणारा."
ती थांबते. वात कापते. काहीतरी ठोकून देते.
"चूक," मी म्हणते
आणि कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवते.

परीक्षेची फी म्हणजे दोन मेंढ्या
आणि दिराचं वर्षभराचं बोलणं.
नवरा कोळशाचा ट्रक घेऊन चार-चार दिवस डोंगरात,
आला की बूट काढता काढता विचारतो, "कुठवर आलं?"
जणू रस्ताच चाललाय.
मी म्हणते, सहाशे चाळीस.

कॉलेज आयोवा नावाच्या मुलखात आहे.
एरमेकनं हिशेब केला, हिवाळ्यात तिकडे बरोबर बारा तास मागे.
म्हणजे भिंतीवरचं घड्याळ बदलायला नको.
आपले सात तेच तिचे सात,
फक्त आपण चुलीत कोळसा सारताना
तिकडे ती अंथरूण घालत असेल.
हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

तिचे शब्द तिला पाठ होईतो
त्यांच्या पाठी मला पाठ झाल्या.
दुकानात रांग मोडून घुसलेल्या बाईला
मी मनातल्या मनात म्हटलं, "स्वतःच्या फायद्यापुरतं पाहणारी."
कार्ड नंबर दोनशे बारा.

एका रात्री तिनं गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला.
"आई, तुला ती अक्षरंच येत नाहीत.
मग चुकलं हे कळतं कसं?"
मी म्हटलं, "टाका सुटला की बोटाला कळतं, तसंच."
तिला ते पटलं. दमली होती.

खरं कारण सांगितलं नाही.
खोटं बोलताना ती डाव्या कानाची पाळी ओढते,
तीन वर्षांची असल्यापासून,
साखर खाल्ली नाही म्हणाली होती तेव्हापासून.
सांगितलं तर ओढायची थांबेल.
आणि उद्या तिकडून फोनच्या काचेत येऊन
"मी मजेत आहे गं, जेवले," म्हणेल तेव्हा
मी कशाकडे बघू?

आज पहाटे पाचच्या मिनीबसनं ती बिश्केकला गेली.
दोलोनच्या घाटात बर्फ आहे, ड्रायव्हर ओळखीचा आहे.
गठ्ठा घेऊन गेली, रबर लावून.
दुपारी झाडताना चुलीपाशी एक कार्ड सापडलं,
एक कोपरा जळलेला.
पाठीवर लिहिलंय: "खाण्याजोगं."
पोटावरचा शब्द अर्धाच उरलाय.

परीक्षेत हाच आला तर, असं एकदा मनात आलं.
मग कार्ड पावाच्या डब्यात ठेवून दिलं.
निकालाला सहा आठवडे आहेत.
जोड्यांची ऑर्डर शुक्रवारची.