वापर

दारूखान्यात, भंगाराच्या गल्लीमागे,
जोकिम घोन्साल्विसच्या गॅरेजात
एक जुना टॉर्क कन्व्हर्टर लेथवर कापून ठेवलाय,
कडेने वेल्ड केलेली करंजी फोडावी तसा.
आत सारण नाही, पाती आहेत.
एका वाटीत तो नटबोल्ट ठेवतो, दुसरीत
वसईहून आणलेली सुकेळी.

गिऱ्हाइकाला आधी हेच दाखवतो:
"ही वाटी इंजिनाची, ही गिअरबॉक्सची.
एकमेकींना शिवत नाहीत. मध्ये फक्त तेल.
ही फिरते, तेल फेकते, ती त्या माराने फिरते.
आणि हा मधला, स्टेटर, परत आलेल्या तेलाला
पुन्हा कामाला लावतो. मुकादमच समजा."

मला माहीत होतं. तरी ऐकलं.
मी दादरला श्रवणयंत्रं विकतो,
समोरच्याला बोलू देणं धंद्यात बसतं.
जोकिम मला डॉक्टर म्हणतो. मी दुरुस्त करत नाही.

गाडी चौऱ्याण्णवची, जपानी, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक.
दोन वर्षं पैसे साठवून मोठा टर्बो बसवला,
तेव्हापासून सिग्नल सुटला की ती
झोपमोड झालेल्या माणसासारखी उठते:
आधी काहीच नाही, मग एकदम सगळं.
म्हणून नवा कन्व्हर्टर, जरा सैल.
ब्रेक दाबलेला असताना, चाकं हलायच्या आधी,
इंजिन किती वर ओरडू शकतं, तो आकडा वाढवायचा.
मला छत्तीसशे हवे होते.
तोंडात घोळवायला बरे वाटायचे.

"कॅटलॉगातला आकडा कन्व्हर्टरचा नसतो, डॉक्टर,
कुणाच्या तरी दुसऱ्याच इंजिनाचा असतो.
तुमचं जेवढा जोर लावेल तसा तो बदलणार."
असं म्हणून त्याने फॉर्म पुढे सरकवला.
वजन. टायरचा घेर. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर. कॅमशाफ्ट.
सगळं पाठ होतं, भरलं.
शेवटचा रकाना: वापर.
मी लिहिलं, रेसिंग.

तो चष्मा पुसत उठला.
"चला, रेसिंग करून येऊ."

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. दारूखाना ते सायन.
त्याच्या मांडीवर थर्मामीटर, वायर गिअरबॉक्सच्या नळीपर्यंत गेलेली.
मी ब्रेक दाबून उभा राहिलो की
तो डॅशबोर्डवर खडूची एक रेघ मारायचा.
शिवडीपर्यंत अकरा.
वडाळ्याला पुलाखाली एक टँकर आडवा होता,
तिथे त्याने खडू खिशात टाकला
आणि एक सुकेळं खाल्लं, सावकाश.
सायनला सत्तेचाळीस रेघा, तेल एकशे आठ डिग्री.

"हे कंपनीच्या घट्ट कन्व्हर्टरवर.
छत्तीसशेवाला लावलात तर हेच तेल
करपलेल्या आमटीसारखं वास मारेल.
घसरणं म्हणजे उष्णता, डॉक्टर.
जे चाकाला पोचत नाही ते कुठेतरी जातंच की."

कानापर्यंत जे पोचत नाही ते कुठे जातं,
हे बावीस वर्षांत मला एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला.

यू-टर्न मिळेपर्यंत मनात हिशेब केला:
वर्षातून एक रविवार, भाड्याची धावपट्टी,
चार धावा, प्रत्येकी चौदा सेकंद.
मिनिटही भरत नाही.
बाकीचं वर्ष सायन.

परत आल्यावर रेसिंग खोडलं,
वर लिहिलं: दुकान, घर, कधी कधी रात्री फ्री-वे.
जोकिम म्हणाला, चोवीसशे घ्या, लॉक-अप क्लचचा,
फ्री-वेवर घसरणार नाही, शहरात शिजणार नाही.
मी मान डोलावली.
पेन जरा वेळ नुसतं धरून ठेवलं
आणि अठ्ठावीसशे लिहिले.

त्याने पाहिलं. काही बोलला नाही.
खालच्या ओळीत, स्वतःच्या तिरप्या अक्षरात,
ऑइल कूलर, असं लिहिलं.
मग थांबून, त्यापुढे:
मोठ्यातला मोठा.